नखांचा दाह आणि औदुंबराची सावली

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

औदुंबराचं माहात्म्य दत्तभक्तांना नव्याने सांगायला नको. वाडीला, औदुंबरला, गाणगापूरला आपण जातो, वृक्षाला प्रदक्षिणा घालतो, पारावर घटकाभर टेकतो. या वृक्षाला एवढा मान का, त्याची कथा गुरुचरित्राच्या १९ व्या अध्यायात आहे. नृसिंहाने हिरण्यकश्यपूचं पोट विदारलं आणि प्रल्हादाला वाचवलं. पण त्या दैत्याच्या पोटातलं विष देवाच्या नखांना बाधलं आणि नखांचा दाह सुरू झाला. तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली, नृसिंहाने त्यांत नखं रोवली आणि दाह शमला.

ही कथा आपण पारायणात दरवर्षी वाचतो. यंदाच्या दत्तजयंतीला तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. दाह कोणाला झाला? ज्याने तारलं त्याला. का झाला? त्याची शक्ती कमी पडली म्हणून नव्हे, दुसऱ्यासाठी विषात हात घातला म्हणून. आणि शमला कसा? दुसऱ्या कोणी तरी फळं आणून दिली आणि देवाने ती घेतली म्हणून. "मी देव, मला काय होणार?" असं म्हणून त्याने हात मागे लपवले नाहीत.

आधार देणारा माणूस

प्रत्येक मंदिरात, प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. कोणाच्या घरी दुःख झालं की तो आधी पोचतो. मुलाला नोकरी नाही, सुनेशी पटत नाही, दवाखान्यात ऑपरेशन आहे, काहीही असो, लोक त्याच्याकडे येतात. तो म्हणतो, "महाराज आहेत ना, होईल सगळं नीट." लोक हलके होऊन जातात. घरात हे काम बहुधा एखादी आजी किंवा थोरली वहिनी करत असते. तिला कोणी आधारस्तंभ वगैरे म्हणत नाही, पण ती आठ दिवस आजारी पडली की सगळ्यांचं धाबं दणाणतं.

अशा माणसाचंच मन खचलं तर? तो बोलत नाही. त्याला वाटतं, मीच असं म्हटलं तर बाकीच्यांनी कोणाकडे पाहायचं? शिवाय मनात एक टोचणी असते, की इतकी वर्षं उपासना केली आणि तरी मन असं, म्हणजे भक्तीच खोटी. म्हणून तो बाहेर हसतो, प्रसाद वाटतो आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो.

हे वैराग्य नव्हे

आपल्या मंडळींत एक घोटाळा नेहमी होतो. मन कशातच लागत नाही, बोलावंसं वाटत नाही, खाण्यात रस नाही, हे पाहून लोक म्हणतात, "आता त्यांचं मन संसारातून उठलं, चांगलंच आहे." पण वैराग्य वेगळं आणि नैराश्य, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात ते, वेगळं. विरक्त माणसाची हाव सुटते, पण नामातली गोडी वाढते, झोप शांत लागते, दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून आनंद होतो. नैराश्यात नामाचीही चव जाते. माळ हातात फिरते पण आत काही हलत नाही. आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं, आणि हा विचार खरा आहे अशी खात्रीही वाटते.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन खिन्न राहिलं किंवा कशातच रस वाटेनासा झाला, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, लक्ष लागणं हेही बिघडलं, तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावं. आपल्या वयात तो अनेकदा तोंड लपवून येतो. अंग दुखतं, पोट बिघडतं, विसरायला होतं, उगाच चिडचिड होते. थायरॉईड बिघडला किंवा बी-१२ कमी झालं तरी असंच होऊ शकतं, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात.

स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगतो. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हा मंदिरातल्या गुरुवारच्या वाचनाचं काम माझ्याकडे होतं आणि वाचन झाल्यावर चार माणसं थांबून आपली दुःखं सांगत. मी त्यांना धीर देत होतो आणि पहाटे तीनला जागा होऊन छताकडे पाहत पडत होतो. पत्नीच्या ते ध्यानात आलं. तिने विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पहाटे पाच वाजेपर्यंत झोप लागली. देव पावला असंच वाटलं, आणि तो डॉक्टरांच्या हातून पावला, एवढंच.

सायंदेवाचा धडा

गुरुचरित्राचा १४ वा अध्याय आपल्यापैकी कित्येकांचा नित्यपाठाचा. त्यातला सायंदेव कोण होता? संसारी माणूस, चाकरी करणारा, घरादाराचा पोशिंदा. क्रूर राजाचं बोलावणं आलेलं, तिथे गेलं की मरण ठरलेलं. त्याने काय केलं? आपली भीती श्रीगुरूंपुढे उघड सांगितली. आणि श्रीगुरूंनी, "तू भक्त असून घाबरतोस?" असं म्हटलं नाही. त्यांनी अभय दिलं आणि तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत असा भरवसा दिला. ज्यांनी हा ग्रंथ आपल्या हाती दिला ते सरस्वती गंगाधर याच सायंदेवाचे वंशज. म्हणजे ज्या घराने हे चरित्र जपलं, त्या घराच्या मूळ पुरुषाची ओळख ग्रंथात होते ती भीती बोलून दाखवणारा म्हणून.

गीतेतही तेच. सगळी पांडवसेना ज्याच्या धनुष्याकडे पाहत होती तो अर्जुनच रथात खाली बसला. गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली, मन भिरभिरतंय, हे त्याने एकेक करून सांगितलं. तो बोलला म्हणून पुढची गीता झाली.

दोन किल्ल्यांची तिजोरी

आता व्यवहाराचं. बँकेत मुख्य तिजोरी कधी एका माणसाच्या ताब्यात देत नाहीत. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं आले तरच ती उघडते. याचा अर्थ कॅशियरवर अविश्वास असा नाही. एकट्याच्या खांद्यावर एवढं ओझं टाकायचं नाही, हा त्यातला शहाणपणा. दुसऱ्यांचं दुःख सांभाळणाऱ्यानेही हाच नियम पाळावा.

१) आपली दुसरी किल्ली कोणाकडे ते ठरवा. पती, पत्नी, बहीण, जुना मित्र, कोणी एक. त्या माणसाला खरं सांगायचं. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही.

२) वाईट दिवशी कोणी धीर मागायला आलं तर खोटा उत्साह आणू नका. "आज माझंही मन बरं नाही, पण बसा, चहा घेऊ," एवढं पुरतं. येणाऱ्याला उपदेशापेक्षा शेजारी बसलेलं माणूस जास्त हवं असतं. आणि पुष्कळदा तोच तुमची विचारपूस करतो.

३) कामाची पाळी लावा. वाचन, प्रसादाची व्यवस्था, दुःखाच्या घरी जाणं, हे तीन-चार जणांत वाटून घ्या. महिनाभर तुम्ही नसलात तरी मंदिर चालतं, हे एकदा पाहिलं की ओझं उतरतं.

४) औषध चालू असताना सप्ताह, उपास, जमिनीवर झोपणं असे कडक नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. पारायणासाठी गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात. त्या मनाने सोडायच्या नाहीत. सात दिवसांचं पारायण झेपत नसेल तर रोज पाच ओव्या वाचा. तेही नको वाटलं तर नुसतं मूर्तीपुढे बसा.

५) रोज ठरलेल्या वेळी अंघोळ, अर्धा तास चालणं, उन्हात बसणं. मनाची वाट न पाहता हे करायचं. मन मागून येतं.

६) "नको हे जगणं" असा विचार आला तर तो त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. रात्र पडू देऊ नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

घरच्यांनी, मंडळींनी काय करावं

फळं आणली लक्ष्मीने. नृसिंहाला मागावी लागली नाहीत. तेव्हा जो नेहमी आपल्याला विचारतो त्याला आपणही विचारावं. "कसे आहात?" म्हटलं की तो "मजेत" म्हणणार. म्हणून नेमकं विचारा: "रात्री झोप लागते का? जेवण जातं का?" उत्तर आल्यावर लगेच उपदेश नको. "सकारात्मक विचार करा", "देवावर विश्वास ठेवा" ही वाक्यं त्यानेच आपल्याला शेकडो वेळा ऐकवलेली असतात. त्यापेक्षा त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, रांगेत बसा, घरी डबा पोचवा.

स्वाध्याय

या दत्तजयंतीला वाचन झाल्यावर प्रत्येकाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझी दुसरी किल्ली कोणाकडे आहे? गेल्या महिन्यात मी कोणापाशी मन मोकळं केलं? आणि ज्याच्याकडे मी नेहमी धीर मागायला जातो, त्याला मी शेवटचं कधी विचारलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवत नसेल तर पुढच्या गुरुवारी आरतीनंतर घाईने घरी जाऊ नये. पारावर त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसावं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥