परदेशी नागरिक आणि जागल्याचे बक्षीस

जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालून गावाला सावध करणारा तो जागल्या. संस्थेतील गैरव्यवहार आतून उघडकीस आणणाऱ्या व्यक्तीसाठीही मराठी वृत्तपत्रांनी हाच शब्द योजिला आहे. गावच्या जागल्याचे काम शिवेपाशी संपत असे. आजचा गैरव्यवहार मात्र शीव ओलांडतो, आणि त्याची माहिती असणारा मनुष्यही पुष्कळदा शिवेबाहेर राहत असतो.

निलंगा तालुक्यातील एखादा अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला व त्याने तेथील नागरिकत्व पत्करले, असे समजू. त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते व कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी ठरतो. गावी आल्यावर त्याच्या ध्यानात येते, की सातबाऱ्यावर एका शेतमजुराचे नाव असलेल्या मोठ्या जमिनीचा पैसा व उपभोग दोन्ही दुसऱ्याचेच आहेत. ही माहिती शासनाला देऊन तो बक्षिसास पात्र होईल काय? होईल. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत बेनामी मालमत्तेची खबर देणाऱ्यास एक कोटी रुपयांपर्यंत, तर परदेशात दडविलेल्या संपत्तीची खबर देणाऱ्यास पाच कोटी रुपयांपर्यंत बक्षीस ठेविले असून परदेशी नागरिकही त्यास पात्र आहेत. खबऱ्याची ओळख गुप्त राखली जाते. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे, कारण खेड्यात याविषयी फार गैरसमज आढळतो : स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या वा अपत्याच्या नावे घेतलेली जमीन बेनामी ठरत नाही. तसेच शासकीय सेवकास नित्याच्या कर्तव्यात मिळालेल्या माहितीबद्दल बक्षीस मिळत नाही. तलाठीबंधूंनी हे ध्यानी ठेवावे.

आता उलट बाजू पाहू. अमेरिकी कंपनीच्या पुण्यातील कचेरीत नोकरी करणारा आपला तरुण अमेरिकेच्या कायद्याला परदेशी असतो. तेथील रोखे आयोगाच्या योजनेनुसार, खबरीमुळे दहा लाख डॉलरहून अधिक दंड झाल्यास वसुलीच्या १० ते ३० टक्के रक्कम खबर देणाऱ्यास मिळते. नागरिकत्वाची अट नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये परदेशी राहणाऱ्या एका व्यक्तीस तीन कोटी डॉलरहून अधिक बक्षीस जाहीर झाले. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यात, सीमेन्स कंपनीच्या चीनमधील शाखेतून काढून टाकण्यात आलेल्या एका तैवानी कर्मचाऱ्याच्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने निर्णय दिला, की त्या कायद्यातील सूडविरोधी संरक्षण देशाबाहेर लागू होत नाही. बक्षीस सीमा ओलांडते, संरक्षण ओलांडत नाही. नोकरी गेल्यास दाद येथील कायद्याखालीच मागावी लागणार.

आणि येथील संरक्षणाची स्थिती काय? सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील गैरप्रकार सत्येंद्र दुबे या अभियंत्याने नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून पंतप्रधान कार्यालयास कळविले होते. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. न्यायालयाने पुढे हा लुटीच्या प्रयत्नातील खून ठरविला. पण ते पत्र हातोहाती का फिरले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. त्यानंतर २१ एप्रिल २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारींचे काम सोपविण्यात आले. २०१४ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मात्र तो अंमलात आणला गेलेला नाही. तोवर आधार ठरावाचाच.

या ठरावाखालील तक्रार बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवावी. ती लोकहितार्थ प्रकटीकरणाची तक्रार आहे, असे पाकिटावर स्पष्ट लिहावे. स्वतःचे नाव वा पत्ता मात्र पाकिटावर लिहू नये. तो आत, प्रारंभी किंवा शेवटी अथवा सोबतच्या पत्रात द्यावा. मजकुरातून ओळख पटेल असे काही नसावे. निनावी तक्रार विचारात घेतली जात नाही. आयोगाचे अधिकारक्षेत्र केंद्र शासनाचे सेवक, केंद्रीय महामंडळे व बँका एवढेच आहे. जिल्हा परिषदेतील वा तहसील कचेरीतील प्रकरण तेथे धाडल्यास उपयोग नाही. लाचेच्या मागणीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे आणि अन्य गैरव्यवहारासाठी १९७२ पासून या राज्यात लोक आयुक्तांचे कार्यालय आहे.