एककाचा विसर

वाण्याच्या दुकानात जाऊन कोणी नुसते "दोन द्या" म्हणाला, तर वाणी हसेल आणि विचारील, "दोन काय? किलो की पुडे?" संगणक असे विचारीत नाही. दोन सांगितले की तो दोन धरून चालतो. म्हणून संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास भौतिकशास्त्राचा पहिलाच पाठ पक्का ठाऊक असावा लागतो. मापलेल्या संख्येला एककावाचून अर्थ नसतो.

११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा येथून 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे निघाले. मंगळाभोवती फिरत राहून तेथील हवामानाचा अभ्यास करावा, हे त्याचे कार्य. सूर्यप्रकाशापासून वीज देणारा त्याचा पंख एकाच बाजूस होता. आता, प्रकाशालाही दाब असतो! तो इतका अल्प, की पृथ्वीवर कोणाला जाणवतही नाही. परंतु अवकाशाच्या पोकळीत एकाच पंखावर अखंड पडणारा तो दाब यानाला हळूहळू फिरवू पाही. हे फिरणे आवरण्यासाठी यानात जड चाके बसविली होती. त्या चाकांचा वेग फार वाढला, की लहान इंजिने क्षणभर चालवून तो उतरवावा लागे. अशा प्रत्येक वेळी यानाला किंचित धक्का बसे व त्याचा मार्ग थोडासा बदले.

हा बदल मोजावयाचा कसा? बल आणि ते लावले गेलेला काळ यांच्या गुणाकारास आवेग म्हणतात. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने हा आवेग काढावा व मार्ग आखणाऱ्यांना कळवावा, अशी योजना होती. आवेग न्यूटन-सेकंदांत द्यावयाचा असे ठरले होते. आज्ञावली तो पौंड-सेकंदांत देत राहिली. एक पौंड बल सुमारे ४.४५ न्यूटन भरते. त्यामुळे प्रत्येक धक्का खऱ्याच्या पावपटीहूनही कमी धरला गेला. दोन्ही एकके आवेगाचीच. तेव्हा आकड्यांकडे पाहून चूक सहज दिसणारीही नव्हती.

असे काही महिने चालले. हिशेब नीट जुळत नाही, अशी शंका मार्ग आखणाऱ्यांपैकी काहींना आली होती. मार्ग पाचव्यांदा दुरुस्त करावा काय, याचाही विचार झाला. पण ती दुरुस्ती झाली नाही.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोहोचले. त्या वेळी मंगळ पृथ्वीपासून जवळजवळ २० कोटी किलोमीटर दूर होता. रेडिओचा संदेश प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तरी त्यास तेथवर पोहोचण्यास ११ मिनिटे लागत. ऐन वेळी हाक मारून यानाला सावरणे शक्यच नव्हते. पृष्ठभागापासून २२६ किलोमीटर उंचीवरून ते जाईल, असा आधीचा अंदाज होता. ८० किलोमीटरच्या खाली ते टिकणारे नव्हते. नंतर पुन्हा हिशेब केला तेव्हा ती उंची अवघी ५७ किलोमीटर भरली. यान मंगळाआड गेले, तेही अपेक्षेपेक्षा लवकर. आणि त्याचा संदेश पुन्हा आला नाही.

आता 'एफ शार्प' यांसारख्या काही संगणकभाषांत संख्येला एकक जोडून लिहिता येते. न्यूटनमध्ये पौंड मिळवू गेल्यास संगणक ती आज्ञावली स्वीकारीतच नाही. मात्र एका आज्ञावलीने दुसरीला फाइलमधून नुसते आकडे दिले, तर एकक मागेच राहते. तेथे ते कोणीतरी मुद्दाम लिहावे लागते.