वाळूवरचा कचरा कोणाचा?

शास्त्रपाठ : अनुवाद २३:१२-१४, यहेज्केल ३४:१७-१९, योहान १३:१२-१५
सुवर्णवचन : स्तोत्र २४:१
पाठाचा उद्देश : कचऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी ही शेजाऱ्याकडे पाहण्याचीच दृष्टी असते, हे ओळखणे.



पणजीचा मिरामारचा किनारा आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. मांडवी नदी समुद्राला मिळते तेथे, शहराला अगदी लागून, हा किनारा आहे. संध्याकाळी तेथे फिरायला म्हातारी माणसे येतात, खेळायला मुले येतात आणि सुटीत बाहेरगावच्या सहली उतरतात. सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर काय पडलेले असते, ते सांगायला नको : पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, कागदी पेले, तुटकी चप्पल.

हा कचरा कोणी केला, असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. गावकरी म्हणतो, पर्यटकांनी. पर्यटक म्हणतो, गाडेवाल्यांनी. गाडेवाला म्हणतो, महापालिकेने पुरेसे डबे ठेवले नाहीत. आणि शेवटी सर्व मिळून म्हणतात, समुद्राने आणून टाकला. ‘मी टाकला’ असे म्हणणारा मात्र भेटत नाही. एदेन बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखवले, हव्वेने सर्पाकडे (उत्पत्ति ३:१२-१३). तेच बोट आज किनाऱ्यावर फिरते आहे.

१. आपल्याला न दिसणारा कचरा

बाटली वाळूवर टाकताना निदान मन थोडे कचरते. पण विडी-सिगारेटचे थोटूक, बाटलीचे झाकण, चॉकलेटचा कागद टाकताना आपण कचरा करीत आहोत असे वाटतच नाही. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात किनारे स्वच्छ करण्याची एक मोहीम सुरू झाली व पुढे ती अनेक देशांत पसरली. तिच्यात उचललेली प्रत्येक वस्तू मोजून लिहून ठेवतात. त्या मोजणीत कित्येक वर्षे पहिला क्रमांक सिगारेटच्या थोटकांचा होता! थोटकातील फिल्टर कापसासारखा दिसतो, पण तो एका प्रकारच्या प्लॅस्टिकचाच असतो.

दुसरी समजूत अशी, की वाळूत पुरले म्हणजे संपले. येथे कोणी आपल्या शास्त्रपाठाचा आधार घेईल. अनुवादात देव इस्राएल लोकांस सांगतो, की छावणीबाहेर जागा ठेवावी, प्रत्येकाने खणण्याचे साधन बाळगावे आणि आपली घाण झाकावी. परंतु ती घाण मातीत मिसळून माती होत असे. प्लॅस्टिकची माती होत नाही. भरतीची लाट ते पुन्हा उकरून काढते, आणि उन्हाने त्याचे बारीक बारीक तुकडे होऊन माशांच्या पोटात जातात. तेव्हा त्या आज्ञेचे अक्षर नव्हे, तर कारण पाहावे. कारण असे, की परमेश्वर छावणीमधून चालतो. ज्या वाळूवरून तो चालतो, ती आपण कशी ठेवावी? आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : खणण्याचे साधन प्रत्येकाजवळ असायचे होते. मागून कोणी येऊन झाकील, अशी सोय देवाने ठेवली नव्हती.

२. वरचे पाणी आणि खालचे पाणी

समुद्र कचरा आणतो, हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण समुद्राला तो दिला कोणी? बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादईच गोव्यात मांडवी होते. इंदूरची कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. हैदराबादची मुसी कृष्णेला मिळते. बडोद्याच्या विश्वामित्रीचे पाणी खंभातच्या आखातात जाते. म्हणून ‘आमच्या गावाला समुद्र नाही, हा पाठ गोवेकरांनी शिकावा’ असे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात आपल्या गल्लीतील गटारातून वाहून गेलेली पिशवी कोठेतरी किनाऱ्याला लागतेच.

यहेज्केल संदेष्ट्याच्या द्वारे देव काही मेंढरांना दोष देतो. ती स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात. मग दुर्बळ मेंढरांना तेच प्यावे लागते. पाणी पिणे हा त्यांचा अपराध नव्हता. आपल्यामागून कोणी पिणार आहे, याचा विसर पडणे हा अपराध होता. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मच्छीमाराच्या जाळ्यात माशांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात, तेव्हा तो आपण गढूळ केलेलेच पाणी पीत असतो.

३. उचलणारा कोण?

सर्वांत खोल रुतलेली समजूत ही आहे, की ‘उचलायला माणसे आहेत ना!’ आपल्या देशात कचरा करणारा मोठा आणि उचलणारा हलका, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला गावाने हेच काम दिले होते आणि त्याच कामावरून त्यांना दूर ठेवले होते. ख्रिस्ताने त्या घराण्यांना मान दिला. त्यांच्या नातवंडांनी आज ताटली वाळूवर टाकून ‘झाडूवाली येईल’ असे म्हणावे, हे ख्रिस्ताला कसे रुचेल? तो तर स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला. हलके समजले गेलेले काम त्याने गुरूचे काम केले.

असे काम एका माणसापासूनही सुरू होते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाचे एक वकील आपल्या वृद्ध शेजाऱ्याला घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलू लागले. लोक हळूहळू मिळत गेले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले दिसली. पावसाळा कचरा पुन्हा आणतो, तेव्हा पुन्हा उचलावा लागतो. पण ‘हा माझा नाही’ असे म्हणणे जेथे थांबले, तेथे वाळू मोकळी होऊ लागली.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) उत्पत्ति २:१५ मध्ये देवाने मनुष्याला कोणते काम दिले? ते पापाच्या आधी दिले की नंतर?
२) आपल्या गावच्या नाल्याचे पाणी शेवटी कोठे जाते? मुलांना नकाशावर शोधू द्यावे.
३) आपल्या वस्तीत कचरा उचलणाऱ्या व्यक्तीचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

कृती : मंडळीच्या पुढच्या सहलीला स्टीलची ताटे व पेले न्यावेत. प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच. पण आपण कायद्याच्या भीतीने नव्हे, तर प्रीतीने हे करावे. निघण्यापूर्वी शिक्षकांनी प्रथम वाकावे, मग मुलांना सांगावे.

प्रार्थना : हे प्रभो, पृथ्वी तुझी आहे आणि आमच्यामागून येणारा शेजारीही तुझाच आहे. दुसऱ्याकडे वळलेले आमचे बोट खाली आण आणि आमचे हात कामाला लाव. आमेन.