लिखित नियम आणि सर्व्हरचे वर्तन

कार्यालयातील एका संगणकावरील फाइल दुसऱ्या मेजावरून उघडता येते, ती बहुधा ‘एसएमबी’ या नियमावलीनुसार. मायक्रोसॉफ्टने वाढविलेल्या या नियमांचा पूर्ण तपशील दीर्घकाळ खुला नव्हता. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये संगणकांमधील देवाणघेवाण न्याहाळूनच पुढे ‘सांबा’ म्हणून प्रसिद्ध झालेली प्रणाली रचावयास घेतली. युरोपीय न्यायालयाच्या २००७ मधील निर्णयानंतर सांबाकारांना दस्तऐवज मिळाले; तरीही दस्तऐवज एक सांगे व सर्व्हर दुसरेच करी, असे प्रसंग उरलेच. एखादा त्रुटिसंकेत वेगळा आला, तरी समोरचा प्रोग्राम अडू शकतो. म्हणून सांबाकार सर्व्हरची प्रत्यक्ष चाचणी घेऊन त्याचेच वर्तन प्रमाण मानतात, आणि ते योग्यच होय. विसंगती कळविल्यावर मायक्रोसॉफ्ट दस्तऐवज दुरुस्त करते. विंडोजच्या आवृत्तीगणिक बदलणाऱ्या वर्तनासाठी तर त्यात स्वतंत्र परिशिष्टच जोडलेले आहे.