कुत्र्याला बरं करणाऱ्या डॉक्टरांना ससा का बरा करता येत नाही?

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या सशाने खाणं टाकलं आणि त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात नेलं. आमच्या कुत्र्यावर याच डॉक्टरांनी उत्तम उपचार केले होते. त्यांनी पुढचे दात पाहिले, ‘दात ठीक आहेत, जंतुसंसर्ग असेल’ म्हणत अमॉक्सिसिलीनचं पातळ औषध लिहून दिलं. बरं वाटेपर्यंत काही भरवू नका, असंही सांगितलं. नंतर जुलाब लागून ससा गेला. विचारायला गेलो, तर ‘ससे नाजूकच असतात’ एवढंच ऐकायला मिळालं. ससे खरंच इतके नाजूक असतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि त्या शेवटच्या वाक्याचा रागही आला. आपण घरी पाळतो ते ससे मूळच्या युरोपीय रानसशाचे वंशज. १८५९ साली ऑस्ट्रेलियात या जातीचे दोन डझन ससे सोडले आणि त्यांच्या पिलावळीने बहुतेक खंड व्यापला. विष, कुंपणं, साथीचे रोग, काहीही त्यांना संपवू शकलं नाही. अशा प्राण्याला नाजूक म्हणून हात झटकता येत नाहीत.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी मला खटकतात. आधी दातांचं. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. वाळलेलं गवत तासन्‌तास चघळलं तरच ते झिजतात. पोळी, बिस्किटं, कुरमुरे आणि गाजरावर वाढलेल्या सशाच्या दाढा नीट झिजत नाहीत. खालच्या दाढांना आतल्या बाजूने टोकं येतात आणि ती जिभेत रुततात. मग ससा चाऱ्याजवळ येतो, हुंगतो, घास तोंडात घेऊन टाकून देतो. हनुवटीखालचे केस लाळेने ओले राहतात. पुढचे दात सुरेख असूनही हे घडतं, कारण दुखणं पार मागे असतं. सशाचं तोंड अरुंद आणि गालांची कातडी आत आलेली, त्यामुळे कान तपासायचं दिव्याचं उपकरण तोंडात घालूनच दाढा बघाव्या लागतात. लाळ गाळणाऱ्या सशाच्या दाढा न बघणं म्हणजे तपासणी अर्धवट सोडणं.

दुसरं, उपाशी ठेवणं. उलट्या करणाऱ्या कुत्र्याचं पोट काही वेळ रिकामं ठेवतात, पण सशाला उलटी होतच नाही. त्याची पचनसंस्था गवताच्या तंतूंनी सतत ढकलली जावी अशी बनलेली आहे. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक मोठी पिशवी असते. तिथे जंतू चारा आंबवतात आणि त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, वायू साठतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. दहा-बारा तास न खाल्लेला ससा ही तातडीची केस. त्याला वेदनाशामक, सलाईन आणि सिरिंजने भरवलेला पातळ चारा लागतो. आतडं कुठे अडलेलं नाही, एवढी खात्री मात्र आधी करावी लागते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीसुद्धा जाणकार डॉक्टर सशाला उपाशी ठेवत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. अमॉक्सिसिलीन कुत्र्यांसाठी रोजच्या वापरातलं, सुरक्षित औषध आहे. सशाला ते तोंडावाटे दिलं तर त्या पिशवीतले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे जंतू माजतात, आणि जुलाब होऊन ससा दगावू शकतो. क्लिंडामायसीन आणि लिंकोमायसीनचंही तसंच. गिनीपिगलाही हाच धोका असतो. सशासाठी तुलनेने सुरक्षित अँटिबायोटिक्स आपल्याकडे सहज मिळतात. तुमच्या सशाला नेमकं काय झालं हे शवविच्छेदनाशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण औषधानंतरचे जुलाब या चित्रात बसतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघालं, आणि तेव्हापासून आपल्या शिक्षणाचा भर शेतकऱ्याच्या दावणीवर राहिला. देशाची गरजच ती होती. पदवीच्या साडेपाच वर्षांत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांवर बराच वेळ जातो. ससा अभ्यासक्रमात येतो तो प्रामुख्याने मांस आणि लोकरीसाठी पाळायचा प्राणी म्हणून, किंवा प्रयोगशाळेतला. एका लाडक्या सशाची दाढ कशी घासावी, हे ज्याचं त्याने पुढे शिकायचं.

आणि फरक आकड्यांतही दिसतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के होतं, मांजरांत ०.२४, तर सशांत १.३९ टक्के. सशाच्या घशात नळी घालणं अवघड, आणि तो शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणं लपवतो.

म्हणून ज्ञान कमी असण्याचा दोष मी एकट्या डॉक्टरांच्या माथी मारणार नाही. पण ‘मला सशांचा फारसा अनुभव नाही’ असं सांगणं त्यांच्या हातात होतं. ते सांगितलं असतं, तर तुम्हाला कोल्हापूर-पुण्याकडे चौकशी तरी करता आली असती. पैसे घेऊन न येणारं काम करणं आणि वर प्राण्यालाच नाजूक ठरवणं, हे चूकच.

डॉक्टरांना लेखी विचारणा करा. उपचाराची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. समाधान झालं नाही तर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, आणि शुल्क घेऊन दिलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. इतर वाचकांसाठी एक सूचना : असा प्रसंग आलाच, तर मृत प्राण्याला फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एका दिवसाच्या आत शवविच्छेदनासाठी पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा.

आणि ज्यांच्या घरी ससा किंवा गिनीपिग आहे त्यांनी आजच, तो ठणठणीत असतानाच, जवळच्या दवाखान्यांना फोन करून विचारून ठेवा : तुम्ही महिन्याला किती ससे बघता? दाढा कशा तपासता? शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवता का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, रात्रभर’ असं उत्तर आलं, तर पुढचा नंबर फिरवा.