दहावी-बारावीनंतर काय? : मार्गदर्शनाची गरज व स्वरूप

निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे वाटले जातात आणि चार दिवसांनी घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? ज्या घरात आईवडील, काका, मामा शिकलेले असतात, तेथे या प्रश्नाचे उत्तर जेवताना बोलता बोलता मिळून जाते. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जाते, तेथे उत्तर देणारे कोणी नसते. शहरात महाविद्यालये पुष्कळ, म्हणून शहरातील मुलांना माहितीही पुष्कळ असणार, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचेच एक अंग मानावे आणि ते प्राथमिक शाळेपासून सुरू व्हावे, असे सुचविले होते. याच आयोगाने पुरस्कारिलेला १०+२+३ हा आकृतिबंध आपल्या राज्यात आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून शाखा निवडण्याचा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर येऊन पडला. निर्णय आला, पण मार्गदर्शन मात्र सर्व शाळांत पोहोचले नाही.

येथे माझे स्वतःचे उदाहरण देते. आम्ही सोलापूरचे. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. दहावीला गुण बरे पडले म्हणून सर्वांनी विज्ञान शाखा घ्यायला सांगितले. मला औषधनिर्माणशास्त्र शिकायचे होते. बारावीचा परीक्षा अर्ज भरला, म्हणजे सर्व झाले, असे मी समजत होते. सीईटीचा अर्ज वेगळा असतो आणि तो बारावीच्या परीक्षेपूर्वीच भरावयाचा असतो, हे कळले तेव्हा मुदत संपली होती. मग मी कला शाखेत आले. औषधनिर्माणाच्या पदविकेला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे मला समजले ते त्यानंतर एक वर्षाने! आज मी मराठीच्या अभ्यासात रमले आहे, तक्रार नाही. परंतु एखादी वाट निवडणे निराळे आणि बाकीच्या वाटा बंद झाल्यामुळे उरलेल्या वाटेने चालणे निराळे.

माझ्या मते मार्गदर्शनाची तीन अंगे आहेत.

पहिले अंग वाटांची माहिती. डॉक्टर, इंजिनिअर आणि 'राहिलेले सगळे' अशी विभागणी आपण मनात करून ठेवलेली असते. वस्तुस्थिती अशी नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री किंवा जोडारी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारीही करता येते. तेथून तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे खालच्या पायरीवरून जिना वरपर्यंत जातो. ज्यांना नोकरी करीत शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

दुसरे अंग कागदपत्रे व मुदती. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास : ही नावे मुलांच्या कानावर प्रथम पडतात ती प्रवेशाच्या रांगेत. वास्तविक जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच केला पाहिजे. दाखला वेळेवर नसल्याने मिळालेली जागा हातची जाते, यासारखे दुःख नाही.

तिसरे अंग पैशाचे. पुष्कळ मुले फीच्या नुसत्या आकड्याने मागे फिरतात. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेने प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. आईचे विडी कामगाराचे ओळखपत्र आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून होते. त्याचा असा उपयोग असतो, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

मग हे सांगावे कोणी? वर्षातून एकदा पाहुणे बोलावून दिलेले व्याख्यान पुरेसे नाही. मार्गदर्शन नववीपासून सुरू व्हावे, पालकांना बरोबर बसवून व्हावे आणि मुलाला काय आवडते, हे आधी विचारून व्हावे. नुसती माहिती सांगून भागत नाही. अर्ज भरताना शेजारी बसावे लागते.

माझा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. त्याला वीजतंत्री व्हायचे आहे. वडील म्हणाले, "पोरगा शिकायचा थांबला म्हणायचा!" मी वहीच्या पानावर वर सांगितलेला जिना काढून दाखविला. वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या वेळी हे कोणी काढून दाखवलं असतं तर?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर देता येईल ते कृतीने. आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या गल्लीतील दोन मुलांची जबाबदारी घ्यावी. रविवारचे दोन तास द्यावेत आणि अडेल तेथे प्राध्यापकांना विचारावे. आपण चुकत चुकत जी वाट शोधली, ती मागून येणाऱ्यांना चुकावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

— द्वितीय वर्ष कला