मूत्रपिंडविकारातील अस्थिरोग व रक्ततपासणी

मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्या रुग्णाची हाडे वेदना सुरू होण्यापूर्वीच दुबळी होऊ लागतात. अशा मूत्रपिंडास फॉस्फरस पुरेसा बाहेर टाकता येत नाही व 'ड' जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूपही देता येत नाही. परिणामी गळ्यातील परावटू ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवतात. ते हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढते.

मात्र काही रुग्णांत याउलट हाडांची झीज व घडण दोन्ही मंदावतात. पहिल्या प्रकारात संप्रेरक दाबणारी औषधे उपकारक, तर दुसऱ्यात तीच अपायकारक ठरतात. हा भेद ओळखण्यास रक्ततपासणी साहाय्यभूत होते. परावटू संप्रेरक व अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही बरीच वाढलेली असल्यास पहिला, दोन्ही कमी असल्यास दुसरा प्रकार संभवतो. तथापि यकृतविकारातही अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते, हे ध्यानी ठेवावे. खात्रीचे निदान हाडाचा सूक्ष्म तुकडा तपासूनच होते.

'केडिगो' संस्थेच्या 2017 च्या सुधारित मार्गदर्शिकेनुसार उपचार एका आकड्यावरून नव्हे, तर लागोपाठच्या तपासण्यांचा कल पाहून ठरवावेत. यास्तव रुग्णाने प्रत्येक अहवाल जपून ठेवावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नयेत.